घर स्वतः रंगवायचं ठरवलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिन्याजिन्यात एकच विषय निघतो: यंदा दिवाळीआधी रंग काढायचा का, आणि रंगारी न लावता घरच्या घरी जमेल का? गेली काही वर्षं मी माझं घर स्वतः रंगवते, भिंती भरते, बाथरूमचे सांधे बुजवते. त्यामुळे शेजारचे लोक माझ्याकडे विचारायला येतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि अनुभवातून मिळालेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बरेचसे प्रश्न रंगाचे वाटतात, पण उत्तर शोधायला गेलं की ते ओलीपाशी येऊन थांबतात. म्हणून ओलीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

दिवाळीआधी रंग काढावा का?

आतल्या भिंतींना काढा. ज्या भिंतींची दुसरी बाजू बाहेर पावसात असते त्यांना, त्यातही पश्चिमेच्या भिंतीला, माझं स्पष्ट मत आहे की काढू नका.

मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. म्हणजे चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीला वाळायला कधी आठवडा मिळतो, कधी महिना. वरून हात लावला तर ती कोरडी लागते, पण गिलाव्याच्या आत पाणी असतं. मी पहिल्यांदा रंग काढला तो असाच, वसुबारसेच्या चार दिवस आधी. दिवाळीत भिंत देखणी दिसली. होळीपर्यंत खिडकीखाली हाताच्या पंजाएवढा फुगवटा आला आणि बोटाने दाबल्यावर रंग पुट्टीसकट (भिंत गुळगुळीत करायला रंगाखाली देतात तो लेप) पापुद्र्यासारखा हातात आला. पापुद्र्याच्या मागची बाजू दमट होती आणि तिला पिठासारखी पांढरी भुकटी चिकटली होती.

कोकण आणि मुंबईच्या पट्ट्यात रंगाचा खरा हंगाम डिसेंबर ते गुढीपाडवा. विदर्भ-मराठवाड्यात भिंती लवकर वाळतात, तिथे दिवाळीआधी काम करायला हरकत नसते. मात्र तिकडे एप्रिल-मे टाळा. त्या उन्हात रंग रोलरवरच सुकायला लागतो आणि भिंतीवर पट्टे उमटतात.

भिंत वाळली की नाही हे कसं ओळखायचं?

स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा फॉइल घ्या. फूटभर चौकोन कापा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा. एक दिवस, जमलं तर दोन दिवस तसाच ठेवा. मग काढून बघा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतोय, तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि एक्झॉस्ट फॅन लावणं हा उपाय. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर कामाला लागा.

एकाच ठिकाणी तपासून समाधान मानू नका. खिडकीखाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, अशा तीन जागा तरी बघा.

ओल नेमकी कुठून येते हे घरच्या घरी कळतं का?

बऱ्याचदा कळतं, फक्त घाई करायची नाही. पाण्याचं ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असतं. डाग एका कोपऱ्यात दिसतो आणि पाणी शिरतं भलतीकडून, कारण ते स्लॅबच्या उताराने, पाइपाच्या कडेने किंवा वायरीच्या नळीतून वाहत जातं.

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा रेघ ओढा. या रेघांवरून पुष्कळ काही कळतं.

डाग फक्त पावसात वाढत असेल आणि उन्हाळ्यात थांबत असेल तर पाणी बाहेरून येतंय: बाहेरच्या गिलाव्याची भेग, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्जाचा उलटा उतार किंवा गच्ची. मे महिन्यातही डाग ओला राहत असेल तर ते पाइपाचं पाणी आहे. त्यातही फरक असतो. पाणी येण्याच्या नळीत कायम दाब असतो, त्यामुळे तिची गळती रात्रंदिवस सारखी चालू राहते. सांडपाण्याच्या नळीची किंवा बाथरूमच्या फरशीची गळती वापरानंतर वाढते. वरच्या घरातले लोक आठवडाभर गावाला गेले आणि डाग सुकायला लागला, तर बहुतेक उत्तर तेच.

जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा उठला असेल आणि घर तळमजल्यावर असेल, तर जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतंय. हा प्रकार जुन्या बैठ्या घरांत फार दिसतो. त्याचा उपाय पायथ्याशी करावा लागतो.

खिडकीच्या चौकटीची फट मात्र तुम्ही स्वतः बुजवू शकता. जुनं सीलंट कटरने खरवडून काढा, धूळ पुसा, कोरडं होऊ द्या आणि बाहेर वापरायचं सिलिकॉन सीलंट एका सलग रेषेत भरा. खोलीत उभं राहून हात पोहोचेल तेवढंच करा. खिडकीतून बाहेर ओणवं व्हायचं नाही, छज्जावर उतरायचं नाही.

आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर ओल थांबेल ना?

नाही. पाणी भिंतीच्या मागून येतं आणि तुमचा थर पुढे असतो. पाणी त्याला मागून ढकलत राहतं आणि एक-दोन पावसाळ्यांत तो फुगतो, किंवा पाणी बाजूला सरकून नवा डाग काढतं. जिथून पाणी शिरतं तिथे थांबवल्यावरच आतल्या थराचा उपयोग. दुकानदार आग्रह करतो, डब्यावर मोठमोठी हमी लिहिलेली असते, तरी पैसे आधी बाहेरच्या भेगेवर खर्च करा.

वरच्या घरातून गळतंय. दुरुस्ती कोणी करायची?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घराच्या आतल्या संडास, मोरी, सिंक यांची गळती त्या घराच्या सभासदाने. पण अर्ज लिहिण्याआधी वर जाऊन बोला. “काकू, तुमच्या मोरीखाली आमच्याकडे डाग आलाय, एकदा खाली येऊन बघता का?” एवढं म्हणून त्यांना आपल्या घरात आणून छत दाखवलं की निम्मं काम होतं. डाग डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा वाद घालत नाही.

पोपडे आलेली भिंत रंगासाठी कशी तयार करायची?

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. रंग मारायला एक दिवस लागत असेल तर भिंत तयार करायला तीन दिवस द्या.

आधी भिंत ऐका. हे मला एका म्हाताऱ्या रंगारीकाकांनी शिकवलं. ते शेजाऱ्यांकडे कामाला आले होते आणि मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी हातातला पत्रा, म्हणजे रंग खरवडायची आणि पुट्टी ओढायची मुठीची पट्टी, उलटा धरला आणि लाकडी मुठीने भिंतीवर टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. टक, टक, टक, आणि मध्येच ढब. “ऐकलंत ताई? इथे गिलाव्याने भिंत सोडली.” रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा आवाज आला की आतला गिलावा सुटलेला असतो. त्यावर पुट्टी भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. अशा जागी खडूने गोल करून ठेवा.

मग सुटलेला रंग आणि पुट्टी पत्र्याने खरवडा. घट्ट बसलेला भाग उगाच उखडू नका. सुटलेला भाग मात्र कडेपर्यंत, हाताला घट्ट लागेपर्यंत काढा. पांढरी भुकटी म्हणजे भिंतीतले क्षार. ते कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. त्यांना पाण्याने धुतलं की ते विरघळून परत भिंतीत जातात आणि वाळल्यावर पुन्हा वर येतात. आठवडाभर थांबा. भुकटी परत आली तर ओल अजून चालू आहे.

काळी किंवा हिरवट बुरशी असेल तर मास्क आणि हातमोजे घालून बुरशीनाशक द्रावण लावा, वाळू द्या आणि मग ओल्या ब्रशने घासा. कोरडी बुरशी घासली तर ती हवेत उडून नाकात जाते.

गिलावा सुटलेली छोटी जागा, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाएवढी, घरी भरता येते. विटेपर्यंत साफ करा, पाणी शिंपडून ओली करा, एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली वाळू असा माल भरा, आणि पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. नवा गिलावा चार आठवडे तरी मुरू द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो. यापेक्षा मोठी जागा असेल तर गवंडी बोलवा.

भिंतीला चीर गेली आहे, ती बुजवू का?

केसासारखी बारीक चीर असेल तर पत्र्याच्या टोकाने ती थोडी रुंद करा, धूळ काढा आणि क्रॅक फिलर भरा. चीर तशीच ठेवून वरून पुट्टी ओढली तर ती महिन्याभरात पुन्हा दिसते.

तिरकी, रुंद, दोन्ही बाजूंनी दिसणारी किंवा महिन्यागणिक वाढणारी चीर बुजवायची नाही. कॉलम किंवा बीमवर चीर असून तिच्यातून गंजाचं तांबूस पाणी ओघळलं असेल तर आतली सळई गंजली आहे. ती फुगते आणि काँक्रीट फोडते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरींना विचाराच.

पुट्टी कशी कालवायची आणि किती हात द्यायचे?

जुने रंगारी जिला ‘लांबी’ म्हणतात तीच ही, फक्त आता व्हाइट सिमेंटची तयार पावडर मिळते. एक किलो पावडरीला साधारण साडेतीनशे ते चारशे मिली पाणी. आधी पाणी घ्या, त्यात पावडर थोडी थोडी टाका आणि दहा मिनिटं घोटा. श्रीखंडासारखी झाली पाहिजे: पत्र्यावर घेतली तर ओघळायला नको, ओढली तर गुठळी लागायला नको. दोन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून ती पुन्हा सैल केली तर भिंतीवर ती खडूसारखी सुटते.

दोन पातळ हात द्या, पहिला खालून वर आणि दुसरा आडवा. जाड एकच हात दिला तर त्याला जाळीसारख्या भेगा पडतात. दुसरा हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, उंचवटे आणि खळगे सावलीने लगेच दिसतात. दिवसा हे कधीच दिसत नाही.

घासून झाल्यावर भिंत ओलसर फडक्याने पुसा, नाहीतर प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा थर) धुळीवर बसतो. प्रायमरचा हात वगळू नका. पुट्टी पाण्यासारखा रंग पिते, आणि प्रायमर नसला की महाग रंग तिच्या पोटात जातो.

किती रंग आणायचा?

खोलीच्या चारही भिंतींची लांबी मिळवून उंचीने गुणा. दहा बाय बाराच्या खोलीत ही लांबी ४४ फूट. उंची साडेनऊ फूट धरली तर ४१८ चौरस फूट. दार (७ बाय ३) आणि खिडकी (४ बाय ४) वजा केल्यावर ३८१ उरतात. साध्या इमल्शनचा (पाण्यात मिसळणारा भिंतींचा रंग, लोक त्याला प्लास्टिक पेंटही म्हणतात) एक लिटर दोन हात मिळून साधारण १०० ते १२० चौरस फुटांना पुरतो असं मी धरते, म्हणजे ४ लिटरचा डबा बरोबर होतो. नेमका आकडा तुमच्या डब्यावर असतो, तो बघा. छताचा रंग वेगळा.

शेड मशीनवर मिसळून घेत असाल तर सगळा रंग एकदाच घ्या. मध्येच संपला आणि पुन्हा मिसळून आणला तर थोडा फरक पडू शकतो, आणि तो नेमका समोरच्या भिंतीवर दिसतो.

डिस्टेंपर, इमल्शन की ऑइल पेंट?

भिंतींना इमल्शन, लाकडी दारं आणि लोखंडी ग्रिलना ऑइल पेंट. भाड्याचं घर असेल किंवा माळ्याची खोली असेल तर डिस्टेंपर (स्वस्तातला, हाताला पांढरा लागणारा रंग) चालेल. स्वयंपाकघरात ओट्याच्या मागे धुता येणारं, किंचित चमक असलेलं इमल्शन घ्या, फोडणीचे शिंतोडे पुसता येतात. जुन्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन मारू नका. हात फिरवून बघा. तळव्याला पांढरं लागलं तर ते खरवडून धुऊन काढावंच लागेल.

शेड कार्डवर आवडलेला रंग भिंतीवर वेगळाच का दिसतो?

कार्डावरचा तुकडा टपाल तिकिटाएवढा असतो आणि दुकानात पांढरा ट्यूबलाइट असतो. मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त गडद वाटतो. छोटा डबा आणून दोन फूट बाय दोन फुटांचे चौकोन दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारा. सकाळी, दुपारी आणि रात्री घरचे दिवे लावून बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे निळसर पांढरे एलईडी असतात. त्यांत फिकट पिवळा मळकट दिसतो आणि राखाडी निळा दिसतो. कधी कधी रंग बदलण्यापेक्षा ३००० केल्विनचा उबदार पिवळसर दिवा लावणं स्वस्त पडतं आणि खोली जास्त घरासारखी वाटते.

पट्टे न उमटता रंग कसा मारायचा?

आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. कोपरे आणि कडा दोन इंची ब्रशने आधी आखून घ्या, पण एका वेळी एकाच भिंतीच्या. ती कड ओली असतानाच रोलर चालवा, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळतात. रोलर रंगात बुडवून निथळू द्या, भिंतीवर तिरका फिरवून रंग पसरा, मग वरून खाली हलक्या हाताने ओढून घ्या. एक भिंत सुरू केली की ती संपवूनच चहा प्या. मध्ये थांबलात तर सांधा दिसतो.

रंग मारताना पंखा बंद ठेवा, हात पूर्ण झाला की खिडक्या उघडा. दोन हातांमध्ये निदान चार तास जाऊ द्या, दमट हवेत रात्रभर. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला आणि मापून घाला.

मास्किंग टेप लावला असेल तर शेवटचा हात ओलसर असतानाच तिरका ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढला तर रंगाची कड फाटते.

जुन्या चाळीतल्या दारांवर ऑइल पेंटचे थरच्या थर आहेत. मशीनने घासू का?

कृपा करून कोरडे घासू नका. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा प्रत्येक थर शिशाचा असेल असं समजूनच वागा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती फरशीवरून, खेळण्यांवरून थेट त्यांच्या तोंडात जाते.

थर घट्ट असेल तर त्याला न छेडता वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) भिजवून ओलं घासा आणि वर नवा थर द्या. खाली प्लास्टिक अंथरा, मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. आगीच्या बत्तीने रंग जाळून काढण्याची जुनी पद्धत तर मुळीच नको.

हीच काळजी सिमेंटच्या पत्र्यांबाबत. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना ड्रिल करणं, करवतीने कापणं, घासणं टाळा.

गावाकडचं घर मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींचं आहे. त्याला प्लास्टिक पेंट चालेल का?

मनापासून सांगते, नको. चुन्याची आणि मातीची भिंत श्वास घेते. पावसात ती पाणी घेते आणि उन्हात सोडते, तिचं वर्षाचं गणित यावर चालतं. तिच्यावर सिमेंट-पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आतली माती कुजवतं. कोकणात जांभ्याच्या चांगल्या जुन्या घरांना आतून सिमेंटचा गिलावा केल्यावर ओल वाढलेली मी पाहिली आहे. घरच्यांनी दोष पावसाला दिला.

अशा भिंतीला चुनाच द्या. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यात थोडा थोडा टाका. तो उकळतो, शिंतोडे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच आणि मुलं लांब हवीत. प्लास्टिकची बादली चालणार नाही. दोन-तीन दिवस मुरल्यावर फडक्याने गाळा, भिजवलेला डिंक घाला, चिमूटभर नीळ घातली की पांढरा खुलतो. भिंतीवर पाणी शिंपडून दुधासारखे पातळ तीन हात द्या. पहिला हात मारल्यावर काहीच दिसत नाही आणि माणूस घाबरून चुना दाट करतो. तसं करू नका. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि मग पांढरा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत बघा.

भिंतीत स्क्रू बसत नाही, भोक मोठंच होत जातं. काय चुकतंय?

भिंत कशाची आहे ते ओळखलं नाही. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, तिथे ६ मिमी बिट आणि ६ मिमी प्लग (स्क्रू पकडणारी प्लास्टिकची नळी) पुरतो. पांढरी, हलकी, पिठासारखी भुकटी आली तर ती सिपोरेक्ससारख्या हलक्या ठोकळ्याची भिंत. तिथे ड्रिलचं हॅमर (ठोके देणं) बंद ठेवा, भोक एक माप लहान पाडा आणि लांब नायलॉन प्लग वापरा. करडी भुकटी आणि ड्रिल पुढे सरकतच नसेल तर काँक्रीट. अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये घराच्या सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. त्यांना हॅमर ड्रिल लागतं. चित्र टांगण्याएवढं भोक चालतं, पण वायरिंगसाठी अशा भिंतीत खाच मारायची नाही, ती भिंतच इमारत पेलते.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधीही भोक पाडू नका, वायरीची नळी तिथूनच जाते. नळाच्या रेषेतही नको. टाइलवर चिकटपट्टीची फुली करा म्हणजे बिट घसरत नाही, टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. भोकाखाली जुनी लग्नपत्रिका दुमडून चिकटवली की सगळी भुकटी तिच्यात पडते.

बाथरूमच्या टाइलांचे सांधे काळे पडलेत, मध्ये मध्ये पोकळही झालेत.

हे काम दिसायला किरकोळ आहे, पण खालच्या घराची ओल कित्येकदा याच सांध्यांतून जाते. अॅसिड ओतू नका. ते सांध्यातलं सिमेंट खातं, मोझॅक आणि संगमरवर खरबरीत करतं. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद मोरीत त्याने जीव जाऊ शकतो.

जुना माल खरवडणीने दोन-तीन मिमी खोल काढा, ब्रशने धूळ काढा. नुसतं सफेद सिमेंट भरू नका, ते आकसतं आणि तडकतं. टाइल ग्राउट (सांधे भरायचा तयार माल) घ्या, सतत पाणी पडणाऱ्या जागी इपॉक्सी ग्राउट. रबरी पट्टीने सांध्याला तिरकं दाबून भरा. सिमेंटचं ग्राउट असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने तिरकं पुसा. इपॉक्सी लवकर कडक होतं, म्हणून दोन-दोन फूट करत भरा आणि लगेच पुसा. एक दिवस मोरी वापरू नका. भिंत आणि फरशी जिथे भेटतात तिथे मात्र सिलिकॉन सीलंट, कारण ती जागा किंचित हलते आणि कडक माल तिथे तडकतो.

पावसाळ्यात दार घट्ट बसतं, रंधा मारू का?

जुलैत नको. लाकूड फुगलेलं असतं. आता तासलं तर जानेवारीत फट पडेल. सध्या कडेला मेणबत्ती घासा, बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. नोव्हेंबरात दार पुन्हा बघा आणि तरीही घासत असेल तर हलका रंधा फिरवून त्या उघड्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग द्या. कोरी कड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी पिते.

कोणती कामं स्वतः करूच नयेत?

भिंत पाडणं, अर्धी भिंत कापून ओपन किचन करणं. गीझर आणि एसीच्या वायरी. गॅसची नळी. बाहेरच्या बाजूचा कुठलाही रंग किंवा दुरुस्ती, तुम्ही कितीही धीट असलात तरी. बाथरूमची फरशी उखडून नवं वॉटरप्रूफिंग करणं हेही जाणत्या कारागिराचं काम आहे. त्यावर टाइल बसवण्याआधी एक-दोन दिवस पाणी साठवून खालच्या घराचं छत तपासायचं, एवढा आग्रह मात्र तुम्ही धरा.

छताला हात पोहोचत नसेल तर डायनिंग टेबलावर स्टूल ठेवू नका. हार्डवेअरच्या दुकानात रंगाऱ्यांचा घोडा (दोन्ही बाजूंनी पाय असलेली शिडी) भाड्याने मिळतो का विचारा. स्विचबोर्डभोवती पुट्टी किंवा रंग लावताना त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी “लाइट गेली वाटतं” म्हणून वर करतं.

उरलेल्या रंगाचं काय करायचं?

गटारात किंवा बेसिनमध्ये ओतू नका. छोट्या हवाबंद डब्यात काढून ठेवा, वर्षभर डाग झाकायला उपयोगी पडतो. ब्रश आणि रोलर दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचे असतील तर धुवायची गरज नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवले की सुकत नाहीत. डब्यावर पट्टी चिकटवून खोलीचं नाव, शेड कोड, तारीख आणि किती हात दिले ते लिहा. माझ्या माळ्यावरच्या एका डब्यावर शेवटची ओळ अशी आहे: ‘हॉल, पश्चिम भिंत, जानेवारी, फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडा’.